शेजारच्या सीटची खिडकी

"सोडा... हळू सोडा... अहो, हळू म्हणजे हळू!"

हा आवाज सव्वीस वर्षांपूर्वीचा. पण पट्टीकाकांच्या कानात तो अजून जसाच्या तसा होता, कारण त्या आवाजामागून एक धप्प असा आवाज आला होता, आणि धप्पमागून बागेच्या भिंतीच्या तीन विटा. चढावर उभी असलेली गाडी मागे घरंगळली होती. स्टिअरिंगच्या चाकाशी पट्टीकाका होते, शेजारी त्यांची बायको होती, आणि तो तिचा मोटार शिकवण्याच्या नोकरीतला पहिला आठवडा होता. काका खाली उतरले, विटांकडे पाहिलं, शर्टाची घडी नीट केली, गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "हे आमचं काम नव्हे." ते जे त्या बाजूला बसले, ते सव्वीस वर्षं तिथेच.

पट्टीकाका नकाशा कचेरीत ट्रेसर होते. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघ न रेघ गिरवायची. शर्टाच्या खिशात पेन असो नसो, सहा इंची पट्टी असायचीच. शहरात घरं बांधली गेली, पूल झाले, तळी बुजली आणि पुन्हा खणली गेली, सगळं काकांच्या हाताखालून गेलं. त्यातली एकही रेघ त्यांची स्वतःची नव्हती. पुढे नकाशे संगणकावर गेले आणि काका घरी आले.

त्यांच्या बायकोला मात्र सगळं शहर 'बाई' म्हणे. निम्म्या शहराला गाडी तिनेच शिकवली होती. एक शिकाऊ उतरला की दुसरा चढायचा, मध्ये श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हणून अकराच्या सुमाराला बाईंची गाडी घराच्या फाटकाशी हळू व्हायची, आणि काका खिडकीतून कॉफीचा पेला आत द्यायचे. पूर्वी सुटीच्या दिवशी, आता रोज. गाडी पुरती थांबायचीही नाही. बाई पेला घ्यायच्या, शिकाऊ घाम पुसायचा, आणि गाडी आचके देत निघून जायची. काकांची कॉफी होती मात्र मन लावून केलेली. पाणी उकळायच्या अगदी आधी उतरवायचं, पूड ओली करून मोजून तीस आकडे थांबायचं, मग धार धरायची, तीसुद्धा पट्टी ठेवून मारलेल्या रेघेसारखी. तो वास फाटकावरून रस्त्यावर जायचा, आणि जाणारे येणारे काच खाली करून विचारायचे, "काका, हे फक्त बाईंनाच का?"

हा प्रश्न वर्षभर ऐकल्यावर काकांनी एके सकाळी पांढरा कागद पसरला. कोरा. खाली गिरवायला काही नसलेला.

घराच्या कडेने एक बोळ होता. समोरच्या रस्त्यावरून सुरू होऊन, थोडा चढ चढून, मागच्या गल्लीत निघणारा, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. एका बाजूला काकांचं कोठार, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. कोठाराच्या भिंतीला खिडकी पाडायची. समोरून गाडी येईल, खिडकीशी थांबेल, कॉफी घेईल, मागून निघून जाईल. माणसाने उतरायचं नाही की चढायचं नाही. काकांनी नकाशा काढला, आत येणारा बाण काढला, बाहेर जाणारा बाण काढला, आणि खाली कोपऱ्यात, जिथे आयुष्यभर दुसऱ्यांची नावं गिरवली होती, तिथे स्वतःची सही केली. सही केल्यावर ते बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. कॉफी विकली जाईल न जाईल, पण हा नकाशा जमिनीवर उभा राहिलेला बघायचा, एवढी एकच आस त्या माणसाला लागली.

गवंडी आला त्या सकाळी काकांनी भिंतीवर खडूने खिडकीची चौकट आखली. बाई तेवढ्यात गाडीची किल्ली बोटावर फिरवत बाहेर आल्या. चौकटीकडे पाहिलं, बोळाकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं. त्यांच्या ओठांशी काहीतरी आलं.

"काय?" काकांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "उंची बरोबर घेतलीत."

आणि निघून गेल्या. आलेलं ते काहीतरी गिळून गेल्या हे काकांना स्पष्ट दिसलं. तीस वर्षं रेघा बघणाऱ्या माणसाला रेघ कुठे तुटली ते कळतं. त्यांनी बराच विचार केला. खिडकी लहान झाली? रंग आवडला नाही? रंग तर अजून द्यायचाच होता.

शेजारच्या भिंतीवरून तेवढ्यात एक डोकं वर आलं. हे डोकं निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं. त्यांना सगळी आळी सूचनापेटी म्हणत असे. फरक इतकाच की पेटीत सूचना टाकाव्या लागतात, इथे त्या बाहेर येत.

"छप्पर पुढे काढा," सूचनापेटी म्हणाले. "पाऊस आला तर कॉफी पातळ होईल. आणि घंटा लावा. आणि परवाना काढलात का?"

"परवाना कसला? खिडकी माझी, बोळ माझा."

"अहो, स्वतःच्या डोक्यावरचे केस कापायला परवाना लागत नाही, दुसऱ्याचे कापायला लागतो. तसं आहे हे."

उपमा कळली नाही, पण काका घाबरले आणि परवान्याच्या कचेरीत गेले.

कचेरीतले अधिकारी सज्जन होते, हीच खरी अडचण. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी नकाशा हातात घेतला, रेघांचं मनापासून कौतुक केलं, आणि विचारलं, "यात गाडी थांबते की जाते?"

"थांबते," काका म्हणाले.

"मग हे वाहनतळ झालं. वाहनतळात खाणंपिणं विकता येत नाही."

"पण लगेच जाते."

"मग हा रस्ता झाला. रस्त्यावर तर मुळीच विकता येत नाही."

"थांबते, पण थांबायला म्हणून नाही. जायला म्हणून थांबते."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. असं वाक्य त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत कोणी बोललं नव्हतं. ते दोन दिवस विचार करत होते असं नंतर शिपायाने सांगितलं. मग त्यांनी तीन महिन्यांचा तात्पुरता परवाना दिला, आणि त्यात स्वतःच्या अक्षरात सातवं कलम घातलं: ग्राहकाने वाहनातून उतरता कामा नये. उतरल्यास सदर जागा उपाहारगृह समजली जाईल, आणि त्यास आठ टेबलं, दोन हात धुण्याच्या जागा व आगीतून सुटकेचा वेगळा जिना आवश्यक राहील.

"जिना? पण वर मजलाच नाही," काका म्हणाले.

"म्हणूनच सांगतो, उतरू देऊ नका," अधिकारी मायेने म्हणाले. "तीन महिन्यांनी मी स्वतः तपासणीला येईन. एक माणूस जरी उतरलेला दिसला, तर खिडकी बुजवावी लागेल."

पहिल्या दिवशी पहिली गाडी आली ती दातांच्या डॉक्टरांची. एकटेच होते. गाडी झोकात बोळात शिरली, खिडकीशी उभी राहिली. काकांनी हसतमुखाने पेला बाहेर धरला. समोर काच होती, काचेआड रिकामी सीट होती, आणि रिकाम्या सीटपलीकडे, चाकाशी, डॉक्टर होते. ते काकांकडे पाहत होते. काका त्यांच्याकडे पाहत होते. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती, आणि त्या जागेवर माणूस नव्हता.

काकांच्या हातातला पेला तसाच राहिला. एवढे नकाशे, एवढे बाण, एवढी मापं, आणि खिडकी गाडीच्या चुकीच्या बाजूला! पण त्यांच्या लेखी कॉफी पिणारं माणूस कायम याच बाजूला बसत आलं होतं. शिकवणारी बाई चाकाशी बसत नाही, शेजारी बसते. ते स्वतःही तिथेच बसत. त्यांनी जगातल्या सगळ्या गाड्या शेजारच्या सीटवरून पाहिल्या होत्या, आणि तिथून जग बरोबर दिसतं.

"उतरून घेऊ का?" डॉक्टरांनी दाराला हात घातला.

"नको!" काका ओरडले. "उतरू नका! जिना लागेल!"

डॉक्टरांना जिन्याचा संबंध कळला नाही, पण दातांच्या डॉक्टरांना ओरडण्याची सवय असते. ते आडवे झाले, कोपरावर रेलले, सीटबेल्टने गळा आवळला, आणि पेला हातात आला तेव्हा त्यातली निम्मी कॉफी सीटने प्यायली होती.

पुढचा आठवडा काकांनी शोध लावण्यात घालवला. भिंतीवरचं कोळ्याचं जाळं काढायच्या काठीला तबक बांधलं. तबक सरळ गेलं आणि परत येताना एका वकीलबाईंचा चष्मा घेऊन आलं. मग खिडकीतून गाडीत उतरणारी घसरगुंडी केली. कॉफी घसरत नाही, हे काकांना त्यातून कळलं. सूचनापेटी भिंतीवरून म्हणाले, "माझ्या भिंतीला खिडकी पाडा, हवं तर." काकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात सूचनापेटींची बायको आतून म्हणाली, "तिथे आपलं न्हाणीघर आहे हो!" आणि तो विषय संपला. बाण उलटे करावेत म्हणून काका कचेरीत गेले, तर अधिकारी हळहळून म्हणाले, "मंजूर नकाशातला बाण आहे तो. बाण फिरवायचा तर नवा अर्ज, आणि नव्या अर्जाला वर्ष लागतं. इतका सुरेख बाण फिरवताना वाईटही वाटेल."

या सगळ्यात बाई रोज अकराला यायच्या. शेजारच्या सीटवर बसलेल्या. त्यांच्यासाठी खिडकी अगदी नेमकी होती. हात थोडा बाहेर काढला की पेला. काका पेला देताना विचारायचे, "अगं, तुला काही सुचतंय का?" बाईंच्या ओठांशी काहीतरी यायचं. मग त्या शिकाऊ मुलीकडे वळून म्हणायच्या, "आरसा बघ." आणि गाडी निघून जायची. आरशात बाईंचे डोळे दिसायचे, मागे काकांकडे पाहणारे. काय असेल त्या डोळ्यांत? काका पेला विसळता विसळता विचार करायचे.

तोडगा निघाला तो सूचनापेटींच्या रागातून. एक दिवस एकट्या आलेल्या गृहस्थांना ते भिंतीवरून सूचना देत होते, "असे रेला, तसे वळा," आणि त्यांचं कुणी ऐकेना. चिडून ते फाटकातून आले, गाडीचं दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसले, काकांकडून पेला घेतला आणि गृहस्थांच्या हातात दिला. "हे घ्या! आता चला." बोळाच्या टोकाला उतरले आणि कपडे झटकत परत आले.

काकांनी परवाना काढून वाचला. ग्राहकाने उतरता कामा नये असं लिहिलं होतं. सूचनापेटींनी उतरू नये असं कुठेही लिहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून सूचनापेटी फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. एकटी गाडी आली की आत बसायचं, पेला पोचता करायचा, टोकाला उतरायचं. आणि नवल असं, की गाड्या वाढायला लागल्या. दुसऱ्या महिन्यात रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. आधी काकांना वाटलं कॉफीमुळे. मग एकदा सूचनापेटींचा गुडघा धरला, ते कॉफी ओतायला बसले, आणि काकांना स्वतः गाड्यांत बसावं लागलं, तेव्हा त्यांना खरं कारण कळलं.

पाऊण मिनिटाचा प्रवास तो. तेवढ्यात माणसं बोलायची. जिला काका कधी भेटले नव्हते अशी एक परिचारिका म्हणाली, "दार हळू लावा काका, आताच रडून झालंय माझं." एका गृहस्थांनी साहेबांना काय काय सुनावणार ते काकांना ऐकवलं आणि विचारलं, "जास्त होतंय का?" काका म्हणाले, "शेवटचं वाक्य काढा." दुसऱ्या दिवशी ते हसत आले. एक म्हातारे गृहस्थ काहीच बोलायचे नाहीत. नुसते शेजारच्या सीटवरची उशी सारखी करून ठेवायचे, कोणी बसणार म्हणून. काकांनी उशी कुणाची ते विचारलं नाही, फक्त रोज तिच्यावर बेताने बसले. शेजारी बसणं ही एक विद्या आहे, आणि ती आपण सव्वीस वर्षं शिकत होतो, हे काकांना पहिल्यांदा उमगलं. चाक हातात नाही, पाय मोकळे, डोळे रस्त्यावर, कान माणसाकडे.

फक्त एकाच माणसाच्या शेजारी बसून त्यांना काही ऐकू येत नव्हतं. बाईंच्या.

तपासणीचा दिवस उजाडला. सूचनापेटी खिडकीत, काका फाटकाशी, दाढी दोनदा केलेली. दहा वाजता अधिकाऱ्यांची गाडी आली. काकांनी अदबीने शेजारचं दार उघडलं. सीटवर फायली होत्या. नुसत्या नाही, सीटबेल्ट लावून बसवलेल्या. मागेही फायली.

"यांना हलवता येणार नाही," अधिकारी म्हणाले. "मोहोरबंद आहेत. आपण आपलं नेहमीसारखं चालू द्या."

गाडी खिडकीशी आली. सूचनापेटींनी पेला बाहेर धरला. अधिकाऱ्यांनी हात लांब केला. हात फायलींपर्यंत पोचला. त्यांनी आणखी लांब केला. फायलींवर कॉफी सांडली तर काय होईल हा विचार तिघांच्याही मनात एकदमच आला आणि हात मागे गेला.

"मी उतरतो," अधिकारी म्हणाले.

"साहेब, नका!" काकांचा आवाज चिरकला. "तुम्ही ग्राहक आहात! सातवं कलम!"

अधिकारी थबकले. स्वतःच लिहिलेलं कलम असं अंगावर येईल हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. "पण न उतरता घेता येत नाही, म्हणजे व्यवस्था सदोष आहे. आणि उतरलो तर उपाहारगृह आहे. दोन्हीकडून..." त्यांनी खरंच दुःखाने खिडकीकडे पाहिलं. "दोन्हीकडून बुजवावी लागेल हो."

काकांनी खिशातली पट्टी घट्ट धरली. बोळ, खिडकी, बाण, कोपऱ्यातली सही, सगळं एका फायलीत जाऊन बसणार होतं, सीटबेल्ट लावून.

"पाय दारात नाही, ब्रेकवर!"

आवाज मागून आला. बाईंची गाडी फाटकाशी उभी होती, आणि बाई खाली उतरून येत होत्या. अधिकाऱ्यांचा पाय आपोआप आत गेला. त्यांचा चेहरा चौदा वर्षांनी लहान झाला.

"बाई?"

"मीच. तीनदा नापास झाला होतात, चौथ्यांदा मी सोबत आले होते. आठवतंय?"

"रिव्हर्समध्ये," अधिकारी पुटपुटले.

"आता रिव्हर्सच घ्यायचाय. पुढून बाहेर पडा, वळसा घाला, आणि बोळात उलटे आत या. मग खिडकी तुमच्या बाजूला येईल."

"पण बाण..."

"बाण जिकडे म्हणतो तिकडेच जाल. तोंड कुठे असावं ते बाणात लिहिलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला. नियम तपासला. नियमात बसत होतं. ते गेले, वळसा घालून आले, आणि गाडीचा पार्श्वभाग बोळाच्या तोंडाशी थरथरत उभा राहिला. बाई शेजारून चालू लागल्या. "मान वळवा. आरशावर विसंबू नका. सोडा... हळू सोडा... हळू म्हणजे हळू..."

काका धप्पची वाट पाहत उभे राहिले. पण यावेळी धप्प झालं नाही. गाडी इंच इंच करत आली, आणि अधिकाऱ्यांची काच बरोबर खिडकीसमोर थांबली. सूचनापेटींनी पेला दिला. हात हलकेच वळला, पेला घेतला, एक थेंब सांडला नाही. अधिकाऱ्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, कागद काढला आणि शेरा लिहिला: ग्राहक उतरला नाही.

मग निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "पण बाई, खिडकी चुकीच्या बाजूला आहे हे तुम्हाला तर पहिल्याच दिवशी दिसलं असणार?"

बाईंनी त्यांना पुढे चला असा हात केला. अधिकारी जपून निघून गेले. काका मात्र वळून बायकोकडे पाहत राहिले. खडूची चौकट, बोटावर फिरणारी किल्ली, आरशातले डोळे.

"दिसलं होतं ना?"

"बसा," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

बाईंनी आपल्या गाडीचं चाकाकडचं दार उघडलं. काका आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणाले नव्हते, बायकोला तर नाहीच. बसले. बाई शेजारी बसल्या, जिथे त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळे क्लच आणि ब्रेक होते. गाडी चालू झाली, आचके देत चढली, आणि खिडकीशी कशीबशी थांबली. सूचनापेटींनी दोन पेले बाहेर धरले. बाईंनी घेतले, एक काकांना दिला. दोघांची गाडी, मध्ये पेला देणारा हात, आणि खिडकी अगदी योग्य बाजूला. काकांना वाटलं, नकाशा काही तितका चुकलेला नाही.

"मी सांगणार होते," बाई पेल्याकडे पाहत म्हणाल्या. "खडू हातात होता तुमच्या तेव्हाच. पण तुम्ही म्हणाला असतात, मला काय कळतं गाडीतलं, मी कुठे चाकाशी बसतो. मग मला विचारावं लागलं असतं, का नाही बसत. आणि ते मला माहीत होतं."

"भिंत," काका म्हणाले. "तीन विटा. माझ्याच्यानं क्लच..."

"तुमचा क्लच बरोबर होता."

सूचनापेटींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

"चढावर गाडी तुम्ही अगदी छान धरून ठेवली होतीत," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात मागून एक सायकल आडवी गेली आणि मी दचकले. मला माझा ब्रेक दाबायचा होता, दाबला मी माझा क्लच, आणि गाडी सुटली. नोकरीचा पहिला आठवडा होता हो. मोटार शाळेच्या मालकांनी विचारलं, कोण होतं चाकाशी? मी म्हटलं, हे. ते हसले, म्हणाले, नवशिक्याचं होतं असं. आणि तुम्ही काही न बोलता येऊन इकडे बसलात. मी रोज मनाशी म्हणायचे, उद्या सांगू. आणि तुम्ही कॉफी घेऊन फाटकाशी उभे." त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला, ज्या पायाने आजच्या आधी सव्वीस वर्षं काही दाबलं नव्हतं त्या पायाच्या. "ती भिंत तुम्ही नाही पाडलीत. माझा पाय होता तो."